पोत्याच्या तळचा मका

माझा स्वभाव तापट आहे आणि मी तो कोणापासून लपवत नाही. लपवला तरी टिकणार नाही. जुन्या इंदूरमध्ये आमच्या घरात सगळे कारकून नाहीतर मास्तर, आवाज चढवणारं कोणी नाही. मग ही कोणावर गेली, असं माझी आई शेवटपर्यंत विचारत राहिली. सांवेर रोडवरच्या एका लॅबमध्ये मी काम करते. तिथे धान्य, मसाले, दूध आणि जनावरांचा खुराक येतो आणि त्यात बुरशीचं विष आहे का ते आम्ही बघतो. अफ्लाटॉक्सिन हे त्यातलं सगळ्यात बदमाश. मका, भुईमूग, सरकी ओली राहिली की बुरशी धरते आणि बुरशी हे विष सोडते. ते दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही, उकळून जात नाही, आणि म्हशीने खाल्लं की दुधात उतरतं. लग्नात कोणी विचारलं, तुम्ही काय करता, की मी एवढं सांगते. मग समोरचा माणूस हातातल्या बासुंदीच्या वाटीकडे जरा वेगळ्याच नजरेने बघायला लागतो.

ती बाई आमच्याकडे आली तेव्हा पावसाळा संपत आला होता आणि तिकडे शेतांत सोयाबीनची कापणी चालू होती. खाली रिसेप्शनवर वाद चाललेला मला जिन्यातूनच ऐकू आला. तिथली पोरगी म्हणत होती, नमुना कुरियरने पाठवा, इथे हातात घेत नाहीत. आणि दुसरा आवाज म्हणत होता, "इतनी दूर से लाई हूँ, हाथ में ही दूँगी." मी उतरले. माझ्याच वयाची, पन्नाशीला टेकलेली बाई होती, अंगावर लुगडं, पदर डोक्यावरून, आणि छातीशी कोऱ्या लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं. सांवेरच्या पुढच्या एका गावाहून बसने आली होती. मी म्हटलं, आण इकडे, बस, पाणी पी. तिने पाणी प्यायच्या आधी गाठोडं माझ्या हातात दिलं, दोन्ही हातांनी, ओटी भरावी तसं.

गोष्ट अशी होती. ती म्हशी पाळायची आणि दूध गावाच्या संकलन केंद्रावर घालायची. केंद्रात दुधाची तपासणी सुरू झाली आणि तिच्या दुधात हेच विष निघालं. परत तपासलं, परत निघालं. आता तिसऱ्यांदा निघालं तर नाव कापणार, मग दूध कोणी घेणार नाही, मग म्हशी विकाव्या लागणार. गुरांचा एक व्यापारी तर आत्ताच चौकशी करून गेला होता. "खेत उनका है, दीदी," ती म्हणाली, "घर भी उनका. भैंसें मेरी हैं." लग्नात माहेराहून एक पाडी, म्हशीची पारडी, मिळाली होती, बाकीच्या सगळ्या त्या पाडीच्याच लेकी-नाती. गोठ्यात तिला विचारल्याशिवाय नवरा पाऊल टाकत नाही, हे तिने मला अशा ठसक्यात सांगितलं की मी तिच्या प्रेमातच पडले.

"और सुनो," जाताना ती हळू आवाजात म्हणाली. घरी तीन वर्षांची नात आहे. तिच्यासाठी ती आता दुकानातून थैलीचं दूध आणते, पदराखाली लपवून. म्हशीवालीच्या घरात विकतचं दूध! हे सांगताना तिचे डोळे भरले. मी तिला म्हटलं, रडू नको, बघतो आपण. मला असं कोणी रडायला लागलं की काही सुचत नाही आणि मी उगाच खेकसते, तशी खेकसलेही.

पेंड सगळ्या गावात एकाच दुकानातून येत होती आणि बाकीच्यांचं दूध पास होत होतं. चारा तिचाही तोच जो शेजारणीचा. उरला मका. तो तिच्या घरचा, गेल्या हंगामातला, पोत्यांत भरून ठेवलेला. म्हणून तिने मका आणला होता.

मी फडकं सोडलं आणि बघतच राहिले. काय मका होता तो! एकसारखा टपोरा दाणा, एक फुटका नाही, एक काळा नाही, धुळीचा कण नाही. आमच्याकडे जनावरांच्या खुराकाचे नमुने येतात ते कसे असतात म्हणून सांगू, खडे, काड्या, उंदरांच्या लेंड्या, एकदा तर एक चप्पल. हा मका देवापुढे ठेवावा असा. सगळा दळला, विष विरघळून बाहेर येईल अशा द्रावणात हलवला, गाळला, मशीनवर लावला. काहीच नाही. मी रिपोर्ट काढला आणि तिला स्वतः फोन केला, मका चांगला आहे, मक्याला घाबरू नको. तिकडून तिने मला इतके आशीर्वाद दिले की माझी मुलं अजून त्यांवर जगतील.

दोन आठवडे गेले नसतील, ती परत दारात. यावेळी दुधाची बाटली. केंद्राची तिसरी तपासणी अजून व्हायची होती, त्याआधी आपणच बघून घ्यावं म्हणून आली होती. मी दूध लावलं आणि आकडा बघून खुर्चीत बसले. कमी तर झालं नव्हतंच, वाढलं होतं. आणि का वाढलं तेही तिनेच सांगितलं. मका चांगला आहे असं दीदी म्हणाली, म्हणून तिने म्हशींना मका आणखी सढळ हाताने घातला होता.

माझं डोकंच फिरलं. मका साफ, दूध खराब, आणि मक्याशिवाय दुसरं काही नाही, हे कसं? मी मशीन तपासलं. आमच्याकडे विषाची माहीत असलेली मात्रा घालून ठेवलेला मका असतो, तो लावला, मशीनने बरोबर पकडला. लाल फडक्यातल्या मक्याचं उरलेलं पीठ परत लावलं, परत साफ. मी तावातावाने सरांच्या केबिनमध्ये गेले. आमचे सर पुण्याचे, माझ्या भाच्याच्या वयाचे, इथे येऊन दोनच वर्षं झालेले. माणूस गुणी, फक्त प्रत्येक वाक्य इस्त्री करून बोलतो. माझ्या मराठीला सबटायटल लागतात असं त्यांचं म्हणणं.

"मॅडम, आपला रिपोर्ट अचूक आहे," ते म्हणाले. "निष्कर्ष फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता असतो, तसं आपण खाली छापतोच."

"छापतो ना सर. लेकिन म्हैस ते वाचत नाही."

ते हसले. मी नाही हसले. मी म्हटलं, मला गाडी द्या, मला तिच्या घरी जाऊन बघायचंय. ते म्हणाले, हे आपल्या कामात बसत नाही. मी म्हटलं, मग सुट्टी द्या, मी बसने जाते, आणि तिची म्हैस विकली गेली की तुम्हाला कळवते. बिचाऱ्यांनी हात टेकले. गाडी दिली, ड्रायव्हर दिला, आणि वर म्हणाले, "परत आलात की मला सविस्तर सांगा हं, मलाही उत्सुकता आहे."

तिच्या घरी पोचले तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. मला बघून ती इतकी गडबडली की आधी पळत आत जाऊन चांगलं लुगडं नेसून आली. अंगणात खाट टाकली, त्यावर कोरी चादर. मी म्हटलं, अगं मी पाहुणी नाही, मला मका दाखव. पण ऐकते कसली! घर पे आई हो, पहले पानिए बनाऊँगी, असं म्हणून तिने घरातून घमेलंभर मका आणला. मालव्यात मक्याच्या पिठाचे पानिए करतात, पानांत गुंडाळून निखाऱ्यांवर भाजलेले, हे मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर तोंडाला पाणीही सुटलं. ती माझ्यासमोर बसली, चाळणी घेतली, सूप घेतलं आणि बोलता बोलता मका साफ करायला लागली.

काय हात होता! सूप असं उडायचं की चांगला दाणा मागे आणि फोल पुढे. फुटके दाणे, काळपट दाणे, तळाशी एकमेकांना चिकटून ढेकूळ झालेले दाणे, हिरवट भुकटी, सगळं वेगळं. मग उरलेला मका ताटात पसरून एकेक दाणा निवडला. समोर लाल फडक्यातला मका तयार झाला, हुबेहूब. मी तो ओळखला.

"मला दिला होता तो मका पण असाच साफ केला होतास?"

"हव!" ती म्हणाली, जवळजवळ दुखावून. "उसको तो धोया भी था. दो दिन धूप दिखाई." मग माझ्याकडे असं बघितलं की या शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये. "किसी के यहाँ भेजना था, दीदी. गंदा कैसे भेजती?"

मी कपाळावर हात मारून घेतला. मला हसू येत होतं आणि राग येत होता आणि दोन्ही एकदम येत होतं. अहो, आमच्या घरीसुद्धा कोणाकडे वाटीभर डाळ पाठवायची झाली तर आई निवडून पाठवायची. दुसऱ्याच्या घरी खडा गेला तर नाक आपलं कापलं जातं. तिने लॅबला खुराक पाठवलाच नव्हता, तिने लॅबला मान पाठवला होता. तिला म्हणावं तरी काय?

पण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर गेलं होतं. मी त्या सुपापुढे पडलेल्या ढिगाकडे बोट दाखवलं. "आणि हे? त्या दिवशी हे जे निघालं ते कुठे गेलं?"

तिला प्रश्नच कळला नाही. तिने तो सगळा चुरा, ती भुकटी, ती ढेकळं गोळा करून एका फुटक्या बादलीत टाकली, आणि बादली उचलून गोठ्याच्या दाराशी नेऊन ठेवली. तिथे म्हशींचं आंबोण भिजत होतं. "फेंकते थोड़ी हैं," ती म्हणाली. "भैंस खा लेती है."

बुरशी पोत्यात सगळीकडे सारखी नसते. शंभर दाणे साफ असतात आणि एका दाण्यात सगळं विष बसलेलं असतं, आणि तो दाणा बहुतेक वेळा फुटका, काळपट, तळाच्या ओलीत चिकटलेला असतो. घरातल्यांसाठी, पाहुण्यांसाठी, देवासाठी आणि आता लॅबसाठी ती मका इतक्या निगुतीने साफ करत होती, आणि जेवढं नीट साफ करत होती तेवढं विष एकत्र होऊन बादलीत जात होतं. तिथून म्हशीच्या पोटात. मी खाटेवरून उठले.

"पानिए राहू दे," मी म्हटलं. "पोती दाखव."

पोती मागच्या खोलीत भिंतीला टेकून, थेट जमिनीवर ठेवली होती. वरून सुंदर. मी बरोबर परखी आणली होती, मंडीत पोत्यात खुपसून आतला दाणा काढतात ती टोकदार नळी. वरून खुपसली, साफ मका. मधून खुपसली, साफ. तळाला खुपसली तर नळीतून जे बाहेर आलं ते दाणे नव्हते, काळा-हिरवा गोळाच होता. पावसात भिंत पाझरली होती आणि पोती खालून ओल पीत राहिली होती. मी प्रत्येक पोत्यातून वरचा, मधला, तळचा मका घेत गेले आणि एका मोठ्या पिशवीत टाकत गेले. मग ती फुटकी बादली दुसऱ्या पिशवीत ओतायला लागले, आणि तिने माझा हात धरला.

"ये मत ले जाओ, दीदी!"

"हेच न्यायचंय."

"लोग क्या कहेंगे? वहाँ सब देखेंगे, मेरे घर का ऐसा माल!"

"तिथे कोणी बघत नाही, मशीन बघतं!"

आम्ही दोघी पन्नाशीच्या बायका एका बादलीभर कचऱ्यासाठी ओढाताण करत होतो आणि ड्रायव्हर दारात उभा राहून तोंडावर रुमाल धरून हसत होता. शेवटी तिने सोडलं. मी पाणी प्यायला आत गेले आणि बाहेर आले तर पाठमोरी ती माझ्या मोठ्या पिशवीवर वाकलेली. बघते तर काय, निवडलेला मूठभर मका वरून पसरत होती! निदान वरून तरी बरं दिसावं म्हणून. मी अशी ओरडले की गोठ्यातल्या म्हशींनी माना वळवल्या. तिने जीभ चावली आणि एकेक दाणा परत वेचून काढला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी तीन नमुने लावले. एक तिचा जुना, लाल फडक्यातला. एक पोत्यांतून वर-मध्ये-तळातून काढून, नीट कालवून, ढीग करून, ढिगाचे चार भाग करत करत कमी केलेला. आणि एक बादलीतला. सर स्वतः मागे उभे होते. पहिला साफ. दुसरा मर्यादेच्या बराच वर. तिसऱ्याला मशीनची रेघ अशी उंच गेली की नमुना पातळ करून परत लावावा लागला. सरांनी तिन्ही आकडे स्वतः वहीत उतरवले आणि म्हणाले, "मॅडम, तसं हे पुस्तकात आहे, नमुना कसा घ्यावा म्हणून अख्खा धडा आहे. पण तो कोण काढणार आणि त्याच्या मनात काय असणार, यावर एक ओळ नाही हो." बोलले मात्र छान. मी त्यांना म्हटलं, सर, आज तुमच्या वाक्याला इस्त्री नव्हती.

तिला फोन करायचं माझ्या जिवावर आलं होतं. सांगितलं तर खरं. ती म्हणाली, "मतलब मैंने ही खिलाया? अपने हाथ से?"

मला वाईट वाटलं, फार वाटलं. आणि मला वाईट वाटलं की माझा आवाज चढतो. "रोना बाद में!" मी ओरडले. "आधी बादली रिकामी कर. गड्ढा खोद आणि पुरून टाक, कोंबड्यांना पण घालू नको. तळ ओला असलेली पोती सगळी बाहेर. ऐकतेस ना?"

"हव," ती म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. "और भैंसें? वो ठीक हो जाएँगी?"

हे विचारलं आणि मला पहिल्यांदा तिला काहीतरी चांगलं सांगता आलं. हे विष म्हशीच्या दुधात कायमचं राहत नाही. खुराकातून गेलं की चार-पाच दिवसांत दुधातूनही जातं. शरीर ते बाहेर टाकून मोकळं होतं. मी तिला म्हटलं, "हो जाएँगी. तू स्वतःला माफ करशील त्याच्या आधी म्हैस तुला माफ करेल." ती रडता रडता हसली. मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं, असं गोड बोलायची मला सवय नाही.

तिने सगळं केलं. नवरा म्हणाला, एवढा मका मातीत घालतेस, तर म्हणाली, भैंसें किसकी हैं? चांगली पोती लाकडी फळ्यांवर चढवली, भिंतीपासून हातभर लांब. मी सुचवलं, केंद्राच्या तपासणीआधी आपल्याकडे एकदा दूध आण, बघून घेऊ. तर नको म्हणाली. "अब नी, दीदी. अब वहीं देखूँगी, सबके सामने." मी चिडले, अगं आधी कळलेलं बरं ना, पण ती ऐकायला तयार नाही. मला तिचा रागही आला आणि ती बरोबर आहे असंही वाटलं. सगळ्यांसमोर नाव खराब झालं होतं, ते सगळ्यांसमोरच धुतलं जायला हवं होतं.

आता आमच्याकडे कोणी नमुना घेऊन आलं की रिसेप्शनवरची पोरगी आधी विचारते, "भिया, छाना तो नहीं? बीना तो नहीं?" म्हणजे चाळलं, निवडलं तर नाही ना, आणि निम्मे लोक लाजत सांगतात की हो, जरा साफ केलं होतं. मग मी खाली जाते आणि त्यांना परखी दाखवते. सर आता दर महिन्याला मला एका गावात पाठवतात. तिथल्या बायकांसमोर मी तीन ढीग मांडते आणि सांगते, जो ढीग तुम्ही माझ्यापासून लपवाल तोच मला हवाय. त्या हसतात, पदर तोंडाला लावतात, आणि मग एखादी उठून मागच्या दाराने जाते आणि आपली बादली घेऊन येते.

तर केंद्राच्या त्या तिसऱ्या तपासणीचा दिवस. सकाळची वेळ, मी घरी डब्यासाठी पोळ्या लाटत होते आणि लक्ष सगळं फोनकडे. पहिली पोळी करपली, दुसरी नकाशा झाली. ह्यांनी विचारलं, काय झालं, तर त्यांच्यावर खेकसले. फोन वाजला आणि मी पिठाच्या हातानेच उचलला. पलीकडून ती काही बोलेचना. नुसती गडबड, माणसांचे आवाज, कॅनची आदळआपट. मी ओरडत होते, "अगं बोल ना! क्या हुआ? पास की फेल?"

"सुनो," ती एवढंच म्हणाली, आणि तिने फोन कुठेतरी पुढे धरला.

मला ऐकू आलं. कॅनचं झाकण उघडलं, आणि मग दूध ओतल्याचा आवाज, मोठा, जाड, केंद्राच्या टाकीत पडणारा, थांबेचना. मी पोळपाटापाशी उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"सुना?" ती म्हणाली. "मेरा है."

"हो गं बाई," मी म्हटलं, "तुझंच आहे."